मोटरसायकलची बॅटरी : निगा आणि आयुष्य

(नभोवाणीवरील भाषण)

एके काळीं मराठी घरांत कांहीं कामांचे दिवस ठरलेले असत. भिंतीवरील घड्याळास दर रविवारीं किल्ली द्यावयाची, दिवेलागणीपूर्वीं कंदिलाची कांच राखेनें पुसावयाची, पावसाळा तोंडावर आला कीं छत्र्यांच्या काड्या तपासावयाच्या. हीं कामें क्षुल्लक होतीं. परंतु तीं चुकलीं म्हणजे घड्याळ बंद पडे, दिवा काजळे आणि छत्री नेमकी भर पावसांत उलटी होई. आजच्या शहरी घरांत मोटरसायकल आहे, मोटरसायकलच्या पोटांत बॅटरी आहे. पण त्या बॅटरीचा वार मात्र फारच थोड्या घरीं ठरलेला असतो. तिची आठवण होते ती बहुधा ती बंद पडल्यावरच.

हा आठवणीचा प्रसंगहि सहसा सोयीच्या वेळीं येत नाहीं. रात्रीं दोन वाजतां आजोबांना दम लागतो, औषधाची कुपी संपलेली असते, मुलगा रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानाकडे जाण्यासाठीं जिना उतरतो आणि गाडीचें बटन दाबतो. ‘टक्’ असा एक आवाज येतो, दिवा पिवळा पडतो, आणि पुढें कांहींच होत नाहीं. रिक्षा शोधण्यांत अर्धा तास जातो. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री येतो, बॅटरीवरील तारीख पाहतो आणि घरच्या वडीलधाऱ्यांना म्हणतो, “काका, ही म्हातारी होऊन मेली नाहीं, ही उपाशी मेली.”

मिस्त्र्याच्या या एका वाक्यांत बॅटरीच्या निगेचें बहुतेक सारें शास्त्र आलें आहे. तें उलगडून पाहणें हा या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, बॅटरीवरील मोटरसायकलचें अवलंबन पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढलें आहे. जुन्या गाड्यांत बॅटरी उतरली तरी किक मारून काम भागत असे. हल्लींच्या कित्येक गाड्यांना किक नाहींच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारतांत बीएस-६ हे धूरविषयक नियम लागू झाले, आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधन फवारणारी विद्युत्-यंत्रणा आली. पेट्रोलचा पंप आणि त्यावर हुकमत चालविणारा छोटा संगणक या दोघांनाहि विजेवांचून हालचाल करतां येत नाहीं. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर अशी गाडी चार जणांनीं ढकलली तरी सुरू होईल असा भरंवसा धरतां येत नाहीं.

आतां ही बॅटरी आहे तरी काय, तें पाहूं जातां गोष्ट फार जुनी निघते. मोटरसायकलमध्यें सर्रास आढळणारी बॅटरी शिसें आणि गंधकाम्ल यांची असते. तिचा शोध गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला. पुढें १८८१ च्या सुमारास त्याचाच देशबंधु कामीय फोर यानें शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ति काढली आणि बॅटरींत अधिक वीज सांठवितां येऊं लागली. बांधणींत सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु मूळ तत्त्व आजहि तेंच आहे.

बारा व्होल्टांच्या बॅटरींत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब देतो. कप्प्यांत दोन प्रकारच्या पट्ट्या एकाआड एक उभ्या केलेल्या असतात. एकीवर सच्छिद्र शिसें असतें, दुसरीवर शिशाचें तपकिरी ऑक्साइड. आणि दोहोंच्या मध्यें पाणी घालून सौम्य केलेलें गंधकाम्ल असतें. वीज खर्च होऊं लागली म्हणजे आम्लांतील सल्फेटाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो, तेथें शिशाचें सल्फेट तयार होतें, आणि कप्प्यांतील द्रव अधिकाधिक पाणचट होत जातो. उलट, बॅटरींत वीज भरली म्हणजे तें सल्फेट सुटून पुन्हां द्रवांत मिसळतें व आम्ल पूर्ववत् तीव्र होतें.

सारें मर्म या सल्फेटांत आहे. गृहिणींच्या परिचयाचा दाखला द्यावयाचा तर तो साखरेच्या पाकाचा देतां येईल. पाकांत बारीक कण धरूं लागतांच थोडें पाणी घालून ऊब दिली तर तो पुन्हां एकजीव होतो. पण तोच डबा फळीवर विसरला तर तळाशीं खडे जमतात आणि ते सहजासहजीं विरघळत नाहींत. बॅटरींतील ताजें सल्फेट असेंच बारीक कणांचें असतें व वीज भरतांच विरघळतें. परंतु उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली म्हणजे ते कण मोठे व कठीण होतात, पट्ट्यांचीं छिद्रें बुजवितात, आणि मग कितीहि वीज दिली तरी दाद देत नाहींत. मिस्त्र्यानें जिला उपासमार म्हटलें ती हीच. वापरानें बॅटरी झिजते हें खरें. परंतु भरलेली व नित्य वापरांतील बॅटरी साधारणतः तीन-चार वर्षें सुखानें चालते, आणि रिकामी ठेवलेली नवी बॅटरी एखाद्या पावसाळ्यांतच निकामी होऊं शकते.

न वापरतां ती रिकामी कशी होते, असा प्रश्न येथें सहज मनांत येतो. त्याचें उत्तर एका छोट्या हिशेबांत आहे. बॅटरीची धारणाशक्ति अँपिअर-तास या मापानें मोजतात. लहान मोटरसायकलींत ती तीन-चार, मध्यम गाडींत आठ-नऊ, जड गाडींत बारा-चौदा अँपिअर-तास असते. लहानशा मोटारगाडीच्या बॅटरीची धारणाहि पस्तीसच्या आसपास असते, हें पाहतां मोटरसायकलची पुंजी मुळांतच थोडी. आतां गाडीची किल्ली काढून घेतली तरी घड्याळ, चोरघंटा, गाडीचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र असे कांहीं अवयव जागेच असतात. हे सर्व मिळून केवळ ५ मिलिअँपिअर वीज घेत आहेत असें धरलें, तरी दिवसाला ०.१२ आणि तीस दिवसांत ३.६ अँपिअर-तास खर्च होतात. आठ अँपिअर-तासांच्या बॅटरींतील जवळ जवळ निम्मी शिल्लक अशा रीतीनें गाडीचें चाक न फिरतां संपते.

याखेरीज बॅटरीची स्वतःचीहि गळती असते. कोणतीहि तार न जोडतां ती नुसती कपाटांत ठेवली तरी हळूहळू उतरते. आणि तपमान दहा अंश सेंटिग्रेडनें वाढलें कीं ही गळती स्थूलमानानें दुप्पट होते. विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तेथें दिवसभर उन्हांत उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सावलींतील गाडीच्या बॅटरीपेक्षां लौकर उतरते आणि लौकर म्हातारी होते, यांत नवल नाहीं.

तिसरें कारण लहान फेऱ्यांचें. घरापासून मंडईपर्यंत, मंडईपासून शाळेपर्यंत, अशा पांच-पांच मिनिटांच्या खेपांत बटन मात्र प्रत्येक वेळीं दाबलें जातें. इंजिन संथ चालत असतां वीज निर्माण करणारें यंत्र फार थोडी वीज देतें. ती दिव्यांत आणि इंजिनाच्या स्वतःच्या गरजेंत संपून बॅटरीच्या वांट्याला नांवापुरती उरते. त्यांत १ एप्रिल २०१७ पासून भारतांत तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत सतत लागलेला असतो. म्हणून ज्या घरची गाडी केवळ गल्लींतल्या गल्लींत फिरते, त्या घरानें आठवड्यांतून एकदां तरी तिला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यानें बऱ्या वेगानें नेऊन आणावें. दारांत उभी करून पांच मिनिटें इंजिन चालविणें हा उपाय पुष्कळांना पुरेसा वाटतो. वास्तविक त्यांत पेट्रोल जळतें आणि बॅटरीला मिळतें तें फारच थोडें. २०२० सालच्या टाळेबंदींत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनीं हा धडा असंख्य घरांना दिला.

बॅटरीची प्रकृति ओळखण्यासाठीं एक साधें उपकरण घरांत असावें. त्याचें नांव मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळीं, बटन दाबण्यापूर्वीं, त्याच्या दोन टोकांनीं बॅटरीचीं दोन टर्मिनलें स्पर्शावीं. आंकडा १२.७ व्होल्टांच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ असेल तर सुमारें पाऊण, १२.२ असेल तर निम्मी, आणि १२.० असेल तर जेमतेम पाव उरली असें समजावें. १२.४ च्या खालीं आंकडा गेला कीं वीज भरण्याची वेळ झाली. गाडी बंद पडण्याची वाट पाहूं नये; कारण पाकांत खडे धरण्यास तोंपर्यंत सुरुवात झालेली असते.

याच उपकरणानें आणखी दोन गोष्टी कळतात. बटन दाबीत असतां आंकडा १० व्होल्टांच्या बराच खालीं कोसळत असेल, तर एरवीं १२.६ दाखविणारी बॅटरीहि आंतून थकली आहे. इंजिन मध्यम वेगानें चालत असतां आंकडा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टांच्या दरम्यान असावा. तो तेराच्याहि वर जात नसेल तर बॅटरीला वीज पोंचत नाहीं. पंधराच्या वर जात असेल तर वीज आवरणारा रेग्युलेटर बिघडला असून बॅटरी आंतल्या आंत उकळत आहे. असें असतां नवी बॅटरी बसविणें म्हणजे गळक्या हंड्यांत पाणी ओतणें होय. आधीं गाडी मिस्त्र्यास दाखवावी.

आतां पाण्याविषयीं. बॅटऱ्या स्थूलमानानें दोन जातींच्या असतात. एकींत द्रव मोकळा असतो; तिच्या अर्धपारदर्शक अंगावर वरची व खालची अशा दोन रेघा असतात. वीज भरतांना पाण्याचा कांहीं अंश वायुरूप होऊन उडून जातो, आम्ल मात्र मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती केवळ डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याची. नळाच्या पाण्यांतील क्षार पट्ट्यांना बाधतात. घरच्या गाळणयंत्रांतून येणारें पाणी पिण्यास कितीहि उत्तम असलें तरी त्यांत कांहीं क्षार राहतातच, म्हणून तेंहि घालूं नये. आम्ल तर घरीं कधींच घालूं नये. पाणी वरच्या रेघेपर्यंतच घालावें. रेघ ओलांडली तर वीज भरतांना आम्लमिश्रित द्रव बाहेर येऊन सांखळी व रंग खातो. याच बॅटरीला वायु बाहेर जाण्यासाठीं एक बारीक नळी असते. ती मुडपलेली किंवा चिखलानें बुजलेली नाहीं ना, हें पावसाळ्यांत विशेषेंकरून पाहावें.

दुसरी जात बंद बॅटरीची. तिच्या आंत आम्ल काचतंतूंच्या गादींत शोषून ठेवलेलें असतें आणि निर्माण होणारे वायु बहुतांशीं आंतच एकत्र होऊन त्यांचें पुन्हां पाणी बनतें. ‘देखभालीची गरज नाहीं’ असें तिच्यावर लिहिलेलें असतें, आणि या तीन शब्दांनीं पुष्कळ बॅटऱ्यांचा घात केला आहे. पाणी घालावें लागत नाहीं एवढाच त्यांचा अर्थ. उपास तिलाहि सोसत नाहीं. तिचें झांकण उचकटून पाणी घालण्याचा मोह मात्र टाळावा. एकदां फोडलेली बंद बॅटरी पुन्हां पूर्ववत् होत नाहीं.

टर्मिनलांवर पांढरट किंवा हिरवट बुरा सांचतो. त्यामुळें विजेच्या वाटेंत अडथळा येतो आणि धडधाकट बॅटरीहि मेल्यासारखी वागते. तो काढण्यासाठीं तारा सोडवाव्या लागतात, आणि तेथें क्रमाचें महत्त्व फार आहे. सोडवितांना प्रथम ऋण तार, मग धन तार. जोडतांना प्रथम धन, शेवटीं ऋण. याचें कारण असें कीं, गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण तार जागेवर असतां धन टोकावर पाना लावला आणि त्याचें दुसरें टोक सांगाड्याला टेकलें, तर क्षणांत ठिणग्या उडून पाना तापतो व हात भाजतो. आंगठी, कडें, घड्याळाचा धातूचा पट्टा हीं आधींच काढून ठेवावीं. मग चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून, त्यांत जुना दांत घासण्याचा ब्रश बुडवून बुरा धुवावा. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये, कारण सोडा आम्लाचा नाश करतो. कोरडें करून तारा घट्ट आवळाव्या आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. किनाऱ्यावरील दमट हवेंत हें काम वर्षांतून दोनदां करणें बरें.

घरीं वीज भरावयाची असेल तर चार्जर मोटरसायकलसाठींच बनविलेला, आणि पूर्ण भरतांच आपोआप हात आवरता घेणारा असावा. सामान्य नियम असा कीं, धारणेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह द्यावा. आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाऊण-एक अँपिअर पुष्कळ झाला. मोटारीचा मोठा चार्जर घाईघाईनें जोडणें म्हणजे तान्ह्या मुलाच्या तोंडांत मोठ्या माणसाचा घांस कोंबणें होय. वीज भरली जात असतां हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण चार टक्के झालें कीं एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. म्हणून हें काम गॅलरींत किंवा खिडक्या उघड्या असलेल्या जागीं करावें. देवघरांतील समई, स्वयंपाकघरांतील शेगडी, पेटती उदबत्ती किंवा विडी यांच्या जवळ कधींच करूं नये. चार्जरचे चिमटे आधीं बॅटरीला जोडून मग भिंतीवरील बटन सुरू करावें, आणि काढतांना आधीं बटन बंद करावें. आम्लाचा थेंब अंगावर उडाला तर लागलीच भरपूर वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें तरी धुवावें. डोळ्यांत गेला तर धुतां धुतां डॉक्टरांकडे जाण्याची व्यवस्था करावी.

घरची मंडळी महिनाभर बाहेरगांवीं जाणार असतील तर निघण्यापूर्वीं बॅटरी पूर्ण भरावी आणि ऋण तार सोडवून ठेवावी. जागे अवयव मग तिला खाऊं शकत नाहींत. मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असेल तर बॅटरी काढून थंड, कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी, आणि शेजाऱ्यास सांगून महिन्या-दीड महिन्यानें एकदां भरवून घ्यावी. जीं तरुण मंडळी गाडीवरून लडाखला जातात त्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावी : भरलेल्या बॅटरींतील आम्ल उणे ५० अंशांतहि गोठत नाहीं, परंतु पूर्ण उतरलेल्या बॅटरींतील पाणचट द्रव उणे १० अंशांच्या आसपास गोठूं लागतो, आणि गोठला म्हणजे बॅटरीचें कवच फुटतें. वाटेंत एखाद्या मोटारीच्या बॅटरीची मदत घ्यावी लागली, तर ती बारा व्होल्टांचीच असावी आणि मोटारीचें इंजिन बंद ठेवूनच ती घ्यावी. हल्लीं मिळणाऱ्या लिथियमच्या हलक्या बॅटऱ्यांना मात्र त्यांचाच स्वतंत्र चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचे सर्व नियम त्यांना लावूं नयेत.

इतकी निगा राखूनहि एक दिवस बॅटरी संपतेच. तेव्हां ती कोठें जाते, हा प्रश्न घराच्या सोयीपुरता राहत नाहीं. तिच्यांत शिसें असतें, आणि शिसें हें मुलांच्या वाढत्या मेंदूला अत्यंत घातक आहे. २०२० सालीं युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या रक्तांत दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें असल्याचा अंदाज दिला आहे. आणि त्याच्या प्रमुख कारणांत, उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसें वितळविण्याच्या धंद्याचा उल्लेख आहे. दारावर येणारा भंगारवाला चार पैसे अधिक देतो. पण ती बॅटरी पुढें एखाद्या वस्तीच्या कडेला कुऱ्हाडीनें फुटली, तर आम्ल जमिनींत जातें आणि धूर तेथील मुलांच्या छातींत. भारतांत २००१ सालापासून याविषयीं नियम होते. त्यांच्या जागीं बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे आले. त्यान्वयें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची व त्यांतील धातु शास्त्रशुद्ध रीतीनें पुन्हां मिळविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गृहस्थाचें कर्तव्य एवढेंच कीं, जुनी बॅटरी नवी देणाऱ्या दुकानांतच परत करावी, तिची किंमत वजा करून घ्यावी आणि पावती ठेवावी. योग्य हातीं पडलेलें शिसें पुन्हां पुन्हां वितळवून नव्या बॅटरींत वापरतां येतें.

तात्पर्य, या साऱ्या निगेला महिन्याकाठीं दहा मिनिटें पुरतात. महिन्याच्या पहिल्या रविवारीं व्होल्टांचा आंकडा पाहावा, द्रवाची रेघ पाहावी, टर्मिनलें पाहावीं, आणि तो आंकडा तारखेसह भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. दुधाचा हिशेब जेथें लिहिला जातो तेथेंच हाहि लिहिला म्हणजे विसर पडत नाहीं, आणि चार महिन्यांचे आंकडे एकाखालीं एक वाचले कीं बॅटरी केव्हां उतरणीला लागली तें घरांतील शाळकरी मुलालाहि सांगतां येतें. मग रात्रीं दोन वाजतां जो कोणी जिना उतरेल, त्याला औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता तेवढा आठवावा लागेल.